डोळ्याच्या पडद्यावरील रक्त : उपायांचा इतिहास



पुण्याच्या मार्केट यार्डांत, गूळ-भुसार विभागाच्या बाजूस, मी गेलीं बरींच वर्षें सकाळीं फिरावयास जातों. ट्रक लागलेले असतात, पोत्यांच्या थप्प्या उतरत असतात, गाळ्यागाळ्यांतून दिवाणजी हिशेब मांडून बसलेले असतात, आणि मिरचीच्या गाळ्यावरून गेलें कीं शिंक आल्यावांचून राहत नाहीं. अशा जागीं डोळ्यांचा विषय कसा निघाला तें आधीं सांगतों, कारण आजचें सारें भाषण त्यांतूनच निघालें आहे. मी डॉक्टर नव्हें. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन शाळेंत इतिहास शिकविणारा एक मास्तर, एवढीच माझी योग्यता. तेव्हां औषध सांगण्याचा मला अधिकार नाहीं. औषधें कशीं सांपडत गेलीं एवढेंच मला सांगतां येईल.

कांहीं वर्षांपूर्वीं तेथल्या एका तरुण हमालाच्या डोळ्यांत रक्त आलें. पोतें पाठीवर घेतांना त्यानें श्वास कोंडून जोर केला, आणि पोतें थप्पीवर टाकून वळतो तों उजव्या डोळ्यापुढें तांबडा-काळा गोल उभा. समोरच्या माणसाचें धड दिसे, तोंड दिसेना. त्याच सुमारास माझे एक स्नेही, ज्यांनीं एकाच गाळ्यावर तीस वर्षें खातेवही लिहिली असे एक दिवाणजी, यांना वहीच्या पानावर कोळिष्टक दिसूं लागलें. त्यांनीं चष्मा तीनदां पुसला. चौथ्या दिवशीं कोळिष्टकाचा धूर झाला आणि डावा डोळा अंधारला. दिवाणजींचा मधुमेह पंधरा वर्षांचा; पण डोळ्यांची तक्रार आदल्या आठवड्यापर्यंत कसलीच नव्हती. बारीक आंकडेसुद्धां ते न अडखळतां वाचीत.

हमालाला डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं कांहीं करावयाचें नाहीं. ओझें उचलूं नको, उशी उंच घेऊन नीज, आणि सांगेन तेव्हां दाखवावयास ये. दोन-अडीच महिन्यांत त्याचा डोळा पहिल्यासारखा झाला. दिवाणजींना लेसर झाला, डोळ्यांत सुया टोंचून झाल्या, शेवटीं शस्त्रक्रियाहि झाली. उजवा डोळा राहिला. डाव्यास आज हाताचीं बोटें मोजण्यापुरतें दिसतें. एके दिवशीं ते मला म्हणाले, "मास्तर, त्या पोराला थेंबभर औषध लागलें नाहीं. मीं सांगितलें तें सारें केलें, आणि डोळा माझा गेला. हा कुठला हिशेब?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. इतिहासाच्या मास्तराची खोड अशी कीं उत्तर येईना म्हणजे तो मागें जाऊं लागतो. मी पावणेदोनशें वर्षें मागें गेलों.

डोळा म्हणजे एक गोल खोली समजा. पुढें बाहुलीची खिडकी, तिच्यामागें भिंग, आणि मागच्या भिंतीला आंतून अंथरलेला एक अत्यंत तलम पडदा. यास दृष्टिपटल म्हणतात. घरगुती बोलण्यांत आपण नुसतें 'पडदा' म्हणतों. मधली पोकळी एका स्वच्छ, चिकट गरानें भरलेली असते, तो काचरस. पडद्यावर केसांहून बारीक रक्तवाहिन्यांचें जाळें पसरलेलें असतें. त्यांतून रक्त पाझरलें तर तें कधीं पडद्यांतच ठिपक्यांच्या रूपानें राहतें, आणि कधीं काचरसांत उतरतें. पहिल्या प्रकारांत, ठिपके मध्यबिंदूपासून दूर असले तर, माणसास कांहींच कळत नाहीं. दुसऱ्या प्रकारांत धूर, जाळें किंवा काळा पाऊस दिसूं लागतो. दुखत मात्र कशानेंच नाहीं, आणि सारी फसवणूक येथेंच आहे.

आमच्या जुन्या वैद्यांना डोळ्याचें ज्ञान थोडें नव्हतें. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत शहात्तर नेत्ररोग सांगितले आहेत आणि मोतीबिंदु शलाकेनें बाजूस सारण्याची क्रिया वर्णिली आहे. परंतु मोतीबिंदु बाहुलीच्या अगदीं पाठीशीं असतो. तो नुसत्या नजरेनें दिसतो. त्यापलीकडची खोली सर्व देशांतील वैद्यांना सारखीच अंधारी होती. डोळा वरून निर्मळ आहे आणि दृष्टि मात्र गेली आहे, अशा रोग्यापुढें बसलेल्या वैद्यालाहि रोग्याइतकेंच दिसत असे.

हा अंधार दूर झाला तो एका शिक्षकाच्या पाठाच्या तयारींतून, हें सांगतांना मला थोडा अभिमान वाटतो. जर्मनींत क्योनिग्सबर्ग येथें हेल्महोल्त्स नांवाचे तरुण प्राध्यापक शरीरशास्त्र शिकवीत असत. बाहुली काळी कां दिसते, हें विद्यार्थ्यांना कसें समजावून द्यावें याचा ते विचार करीत होते. डोळ्यांत गेलेला प्रकाश आल्या वाटेनेंच परत फिरतो; तो पाहावयाचा तर आपला डोळा त्याच वाटेवर आणला पाहिजे, आणि तसा आणला कीं आपलेंच डोकें दिव्याच्या आड येतें. हेल्महोल्त्सनीं कांचेच्या पातळ पट्ट्या तिरप्या धरल्या. बाजूच्या दिव्याचा प्रकाश कांचेवरून परावृत्त होऊन रोग्याच्या डोळ्यांत शिरला, आणि त्याच कांचेतून आरपार पाहणाऱ्यास जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ दिसला. हें १८५० सालीं झालें व पुढल्याच वर्षीं प्रसिद्ध झालें. गंमत अशी कीं तीन वर्षें आधीं इंग्लंडांत गणितज्ञ बॅबेज यांनीं असेंच एक साधन केलें होतें. पण ज्या नेत्रवैद्यास तें दाखविलें त्यास त्यांतून कांहीं दिसलें नाहीं, आणि तें तसेंच पडून राहिलें. शोध लावण्याइतकेंच त्याचें चीज करणारा माणूस भेटणें महत्त्वाचें असतें.

आतां पडदा दिसूं लागला. १८५५ च्या सुमारास व्हिएन्नाचे येगर यांनीं मधुमेही माणसाच्या पडद्यावरील फेरफारांचें वर्णन केलें. १८८० सालीं बर्मिंगहॅमचे हेन्री ईल्स यांनीं तरुण पुरुषांच्या डोळ्यांत पुन्हां पुन्हां होणाऱ्या रक्तस्रावाची नोंद केली. हा विकार युरोपांत पुढें विरळ झाला. हिंदुस्थानांत मात्र तो अजून आढळतो, त्याचा संबंध क्षयाच्या जंतूंशीं जोडला जातो, आणि ऐन पंचविशींतील मुलें त्यास बळी पडतात. आपल्या पुण्यांत ससून रुग्णालय १८६७ सालीं उघडलें, म्हणजे हेल्महोल्त्सच्या कांचेनंतर अवघ्या सतरा वर्षांनीं.

पण दिसणें निराळें आणि करणें निराळें. डॉक्टर रक्त पाहूं लागले, त्याचीं सुंदर रंगीत चित्रें काढूं लागले, आणि त्यापुढें जवळजवळ शंभर वर्षें त्यांचे हात रिकामेच राहिले. कानशिलावर जळवा लावीत. जळवेऐवजीं रक्त ओढणारें एक यंत्रहि निघालें होतें. पाऱ्याचीं औषधें देत, पोटॅशियम आयोडाइड देत, अंधाऱ्या खोलींत निजवून ठेवीत. पुढें जीवनसत्त्वें आलीं, रुटीन नांवाचें वनस्पतिद्रव्य आलें. प्रत्येक उपायाचे भक्त होते, आणि ते खोटें बोलत होते असेंहि नाहीं. कारण आमच्या हमालासारखे रोगी तेव्हांहि असत. त्यांचें रक्त आपोआप विरे, आणि श्रेय जळवेला मिळे. दिवाणजींसारख्यांचा डोळा जाई तेव्हां रोगच भारी होता असें म्हणत. ज्या रोगांत कांहीं माणसें कांहीं न करतां बरीं होतात त्या रोगांत निरुपयोगी औषध फार काळ जगतें. ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

मधुमेहाचा आणि डोळ्याचा संबंध आज घरोघरीं ठाऊक आहे. पूर्वीं तो इतका ठळक नव्हता, आणि त्याचें कारण दुःखद आहे. रोगी तेवढे दिवस जगतच नसे. लोकमान्य टिळकांना मधुमेह होता. मंडालेच्या तुरुंगांत त्यांना पथ्य सांभाळून राहावें लागे. ते १९२० च्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेस गेले. पुढल्याच वर्षीं टोरोंटो येथें इन्सुलिनचा शोध लागला, आणि १९२२ च्या जानेवारींत एका चौदा वर्षांच्या मुलाला तें प्रथम टोंचण्यांत आलें. जीं मुलें पूर्वीं वर्ष-दोन वर्षांत जात तीं आतां वीस-वीस, तीस-तीस वर्षें जगूं लागलीं. तेवढ्या अवधींत साखर बारीक वाहिन्यांच्या भिंती पोखरीत होती. प्राण वाचले आणि डोळे धोक्यांत आले. एका उपायाच्या यशांतून दुसरा रोग उजेडांत आला, असें वैद्यकाच्या इतिहासांत पुष्कळदां घडतें.

हा पोखरण्याचा प्रकार मीं दिवाणजींना त्यांच्याच भाषेंत सांगितला. रस्ते बुजल्यामुळें एखाद्या पेठेंत माल पोंचेनासा झाला तर तेथले व्यापारी काय करतील? तारेवर तार पाठवितील. पडद्याच्या कांहीं भागास रक्त पोंचेनासें झालें कीं तो भाग प्राणवायूवांचून तडफडतो आणि एक द्रव्य सोडतो. म्हणजे तारच पाठवितो. त्या हांकेसरशीं नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पण त्या घाईनें बांधलेल्या कच्च्या रस्त्यासारख्या. त्यांच्या भिंती दुबळ्या, आणि त्या भलत्याच ठिकाणीं, काचरसाच्या अंगावर चढतात. काचरस जरा आखडला कीं त्या फाटतात, आणि डोळा रक्तानें भरतो. असें एखादें द्रव्य असलें पाहिजे असा तर्क मायकेल्सन या नेत्रशास्त्रज्ञानें १९४८ सालींच मांडला होता. द्रव्य हातीं लागावयास मात्र आणखी चाळीस वर्षें गेलीं.

मधल्या काळांत एक अघोर उपाय होऊन गेला. १९५३ सालीं डेन्मार्कमधील पोल्सेन या डॉक्टरांनीं एका मधुमेही स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. बाळंतपणाच्या आपत्तींत तिच्या मेंदूच्या तळाशीं असलेली पिट्यूटरी ग्रंथि मेली, आणि पुढें तिच्या पडद्यावरील विकार मात्र ओसरला. झालें! डोळे वाचविण्याकरितां धडधाकट ग्रंथि काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. कांहींचे डोळे वांचलेहि. परंतु ती ग्रंथि साऱ्या शरीराचा कारभार पाहणारी, तिच्यावांचून जगणें म्हणजे जन्माचें पंगुत्व. इतक्या थराला डॉक्टर आणि रोगी दोघेहि आले होते यावरून त्यांच्या हतबलतेची कल्पना येईल.

खरी वाट सांपडली ती सूर्याकडून. १९४५ च्या जुलैच्या ९ तारखेस युरोपांत सूर्यग्रहण लागलें. हँबुर्गमध्यें एक वैद्यकीय विद्यार्थी तें उघड्या डोळ्यांनीं पाहत बसला, आणि दृष्टीच्या मध्यबिंदूवर भाजून घेऊन रुग्णालयांत आला. ग्रहण उघड्या डोळ्यांनीं पाहूं नये असें आमच्या आज्या सांगत. त्यांचें कारण निराळें असेल, सांगणें बरोबर होतें. त्याला तपासणारे तरुण डॉक्टर मायर-श्विकेराथ यांच्या मनांत विचार आला, कीं प्रकाशानें पडद्यावर जर इतका नेमका डाग पडतो, तर तो डाग आपण हव्या त्या जागीं पाडूं शकूं काय? फाटलेला पडदा त्यानें चिकटवितां येईल, गळकी वाहिनी डागतां येईल. त्यांनीं इमारतीच्या छपरावर आरसे लावून सूर्यप्रकाश खालीं आणला आणि रोग्याच्या डोळ्यांत सोडला. हँबुर्गची हवा ढगाळ. सूर्याची वाट पाहत रोग्यास बसवून ठेवावें लागे. मग त्यांनीं कार्बनच्या दिव्यावर प्रयोग केले, आणि १९५६ च्या सुमारास झाइस कंपनीच्या साहाय्यानें झेनॉन वायूच्या दिव्याचें यंत्र सिद्ध झालें. त्याच्या ठिणगीनें डोळा दुखे आणि डागहि मोठा पडे. तरी शस्त्र न लावतां डोळ्याच्या आंत काम करतां येतें हें सिद्ध झालें.

१९६० सालीं अमेरिकेंत मेमन यांनीं माणकापासून पहिला लेसर केला. त्याचा प्रकाश तांबडा. आणि तांबड्या रक्तांत तांबडा प्रकाश फारसा शोषला जात नाहीं, त्यामुळें रक्तवाहिनीवर त्याचा इलाज थोडा चाले. न्यूयॉर्कचे लेस्पेरान्स यांनीं १९६८ सालीं अर्गॉन वायूचा निळा-हिरवा लेसर आणला. तो रक्तांत शोषला जातो. येथून पुढें जगभर डोळ्यांना लेसर होऊं लागला.

आतां मघाची जळवेची गोष्ट आठवावी. लेसर हीहि नवी जळूच नव्हे कशावरून? पडद्याचा कडेचा भाग शेंकडों ठिकाणीं जाळावयाचा आणि मध्यभाग वांचेल म्हणावयाचें, हें ऐकावयासच विपरीत. अमेरिकेंत ह्या शंकेचा छडा लावण्याचें ठरलें, आणि तें ज्या रीतीनें लावलें ती मला ह्या साऱ्या इतिहासांतील सर्वांत मोठी गोष्ट वाटते. पंधरा केंद्रांतून सतराशेंहून अधिक मधुमेही रोगी घेतले. दोन्ही डोळ्यांस विकार असलेले. प्रत्येकाच्या एका डोळ्यास लेसर करावयाचा, दुसऱ्यास नाहीं. आणि कोणत्या डोळ्यास, हें डॉक्टरनें किंवा रोग्यानें ठरवावयाचें नाहीं, तें सोडतीनें ठरावयाचें. साखर तीच, वय तेंच, पथ्य तेंच, माणूसच तो. फरक फक्त लेसरचा. आपोआप बरा होणारा डोळा असेल तर तो दोन्ही बाजूंस सारखाच असणार. जळवेला खोटें श्रेय मिळण्याची वाटच बंद झाली.

उत्तर १९७६ सालीं आलें. लेसर केलेल्या डोळ्यांत दृष्टि साफ जाण्याचें प्रमाण न केलेल्या डोळ्यांच्या निम्म्याहून कमी होतें. हा फरक इतका उघड होता कीं प्रयोग पुरा होण्याची वाट न पाहतां त्याची रीत बदलली, आणि राखून ठेवलेल्या धोक्याच्या डोळ्यांसहि लेसर करण्यांत आला. तरीहि ज्यांचा 'दुसरा' डोळा त्या चार वर्षांत गेला, त्या माणसांचा विचार माझ्या मनांतून जात नाहीं. आपण आज निश्चिंतपणें लेसरच्या खुर्चीवर हनुवटी टेंकतों ती त्यांच्या त्या डोळ्यांच्या जिवावर.

लेसर काम कसें करतो? ज्या पेठेंत माल पोंचत नाहीं, ती पेठच मोडून टाकली तर तारा कोण पाठविणार? पडद्याच्या कडेला बाराशें ते सोळाशें डाग देतात. तो भाग मरतो, त्याची मागणी थांबते, आणि कच्च्या वाहिन्या सुकूं लागतात. त्याची किंमत द्यावी लागते. दिवाणजींना रात्रीं जिन्यावर चांचपडावें लागतें, कारण कडेची आणि मंद उजेडांतील दृष्टि कमी झाली. त्यांना हें कोणीं आधीं नीट समजावून सांगितलें नव्हतें, आणि लेसरनें डोळा बिघडला अशी त्यांची समजूत झाली होती. लेसर गेलेली दृष्टि आणीत नाहीं. आहे ती राखतो. म्हणून ज्याला चांगलें दिसतें आहे त्यालाच तो करावा लागतो, आणि ज्याला चांगलें दिसतें तो डॉक्टरकडे कशाला जाईल?

काचरस रक्तानें भरून गेला तर लेसरचा किरण आंत पोंचतच नाहीं. काचरस काढून टाकला तर डोळा बसेल अशी जुनी भीति होती. ती मायामीचे रॉबर्ट माखेमर यांनीं मोडली. एकाच वेळीं कापणारें, ओढून घेणारें आणि बदली पाणी सोडणारें बारीक उपकरण त्यांनीं सहकाऱ्यासह तयार केलें; आणि त्याची पहिली परीक्षा कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यावर घेतली, कारण काचरसाला जवळचें तेंच. १९७० सालीं त्यांनीं मधुमेही रोग्याच्या डोळ्यांतील जुनें रक्त या रीतीनें बाहेर काढलें. आज हीच शस्त्रक्रिया पुण्यांत नित्य होते. दिवाणजींची झाली, पण उशिरां. तोंवर वाहिन्यांच्या जागीं तंतूंची जाळी बनून तिनें पडदा ओढून सोडविला होता. रक्त निघालें, पडदा बसविला, दृष्टि थोडीच परतली.

आतां त्या तारा पाठविणाऱ्या द्रव्याकडे येऊं. १९८९ सालीं कॅलिफोर्नियांत फेरारा यांनीं तें वेगळें काढलें आणि ओळखलें. कर्करोगाच्या गांठीहि त्याच द्रव्याच्या जोरावर रक्त मिळवितात, म्हणून त्यास अडविणारें औषध प्रथम कर्करोगासाठीं निघालें आणि २००४ सालीं अमेरिकेंत आंतड्याच्या कर्करोगावर मान्य झालें. पुढल्या वर्षीं मायामीचे रोझेनफेल्ड यांनीं त्याचा अगदीं अल्प भाग डोळ्यांत टोंचून पाहिला, आणि डोळा सुधारला. २००६ सालीं खास डोळ्यासाठीं केलेलें त्याचें भावंड बाजारांत आलें. अमेरिकेंत तेव्हां एका मात्रेस एकाची किंमत सुमारें पन्नास डॉलर होती, दुसऱ्याची दोन हजार! वृद्धांच्या पडद्याच्या विकारावर दोघांची तुलना करण्यांत आली, आणि २०११ सालीं निष्कर्ष निघाला कीं दृष्टीचा लाभ सारखाच. आपल्याकडे महाग औषधाची देशी बनावट २०१५ सालापासून मिळूं लागली. पडद्याच्या मध्यास आलेली सूज, तसेंच रक्तदाबामुळें मुख्य शीर तुंबून होणारा रक्तस्राव, यांवर ह्या सुयांनीं फार मोठें काम केलें आहे. कित्येकदां गेलेली दृष्टीहि कांहीं अंशीं परत येते, जें लेसरला जमत नसे.

मग लेसर जुना झाला काय? त्याच २०१५ सालीं एका मोठ्या तुलनेंत असें दिसलें कीं नव्या कच्च्या वाहिन्यांवर सुया लेसरहून उण्या नाहींत. पण ह्या निष्कर्षांत एक अट दडलेली आहे : रोग्यानें वेळच्या वेळीं येत राहिलें पाहिजे. सुईचा अंमल कांहीं आठवड्यांचा, लेसरचा कायमचा. जो मध्येंच यावयाचा थांबतो त्याचा नुसत्या सुयांवर ठेवलेला डोळा लेसर केलेल्या डोळ्याहून वाईट अवस्थेला जातो, असें पुढील अनुभवावरून दिसून आलें. आमच्या यार्डांत हंगाम आला म्हणजे महिना-महिना कोणी जागचा हलत नाहीं. हमालाची खाड्याच्या दिवसाची मजुरी बुडते. खेड्यांतून आलेल्याला एस्‌. टी. चें भाडें आणि बरोबरच्या माणसाचा दिवस. अशा माणसाला कोणता उपाय द्यावा हें एकट्या पडद्यावरून ठरत नाहीं. जो डॉक्टर "घर कोठें, कामधंदा काय, बरोबर कोण येतें" हें आधीं विचारतो, त्याच्याविषयीं मला आदर वाटतो.

हमालाचा हिशेब तेवढा राहिला. श्वास कोंडून जोर केला कीं छातींतील दाब वाढतो आणि शिरांतून वर चढतो. पडद्याच्या मध्याजवळची एखादी बारीक वाहिनी त्यानें फुटते. खोकल्याची उबळ, ओकारी, व्यायामशाळेंतील वजन, यांनींहि असें होतें. ही गोष्ट डुएन या अमेरिकन डॉक्टरांनीं १९७२ सालीं नीट मांडली. यांत वाहिनी मुळांत निरोगी असते. ती फुटते, मिटते, आणि सांडलेलें रक्त शरीर हळूहळू उचलून नेतें. फार दाट रक्त मध्यावरच सांठलें तर लेसरनें त्याच्या पिशवीस भोंक पाडून तें वाहूं देतात; एरव्हीं वाट पाहणें हाच इलाज. अर्थात् वाट पाहावयाची कीं नाहीं, हें पडदा पाहिलेल्या डॉक्टरनें सांगावयाचें आहे. तसाच धूर पडदा फाटल्यानेंहि दिसतो, विजा चमकल्यासारखें होतें, आणि तेथें दोन दिवस थांबणें म्हणजे डोळा घालविणें.

ओझ्याबद्दलहि एक शब्द सांगतों. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें १९६७ सालीं एका माणसानें पंचावन्न किलोंहून अधिक वजन उचलूं नये अशी शिफारस केली. आमच्या बाजारांत मात्र क्विंटलाचें पोतें पाठीवर घेणारीं माणसें मीं स्वतः पाहिलीं आहेत. हमाल पंचायत आणि डॉ. बाबा आढाव यांनीं हमालांच्या न्यायासाठीं जीं वर्षें घालविलीं त्यांत पाठीवरचें हें ओझें हाहि एक विषय होता. मणका आणि गुडघे यांचा विचार सर्वांस सुचतो. डोळ्याचा सुचत नाहीं.

दिवाणजींना मीं एवढें सारें सांगितलें, पांच-सहा सकाळीं मिळून. दोघांच्या डोळ्यांत रक्त आलें खरें, पण तीं खातीं निरनिराळीं. पोराची चांगली वाहिनी एकदां फुटली. त्यांच्या वाहिन्या आंतून पंधरा वर्षें कुजत होत्या, आणि ज्या दिवशीं कोळिष्टक दिसलें तो रोगाचा पहिला दिवस नव्हता, शेवटच्या अंकाचा होता. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पंधरा वर्षांत साखर कितीदां तपासली! डोळ्यांत थेंब घालून आंत कोणीं पाहिलें नाहीं. मींहि कधीं म्हटलें नाहीं."

त्यांचा मुलगा अडतीस वर्षांचा, काडीसारखा. त्याला मधुमेह असेल असें घरांत कोणाला वाटलें नव्हतें. आपल्या पुण्याच्या के. ई. एम्‌. रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक यांनीं २००४ सालीं इंग्लंडांतील एका सहकारी डॉक्टरांसह आपल्या दोघांचेंच उदाहरण प्रसिद्ध केलें होतें : उंचीच्या मानानें वजन दोघांचें सारखेंच, पण इंग्रजाच्या अंगीं चरबी ९.१ टक्के आणि भारतीयाच्या अंगीं २१.२ टक्के. किडकिडीत दिसणें हा आपल्याकडे मधुमेह नसल्याचा दाखला नव्हे. मुलाची साखर वाढलेलीच निघाली. दिवाणजी स्वतः त्याला घेऊन पुणे अंधजन मंडळाच्या ह. वि. देसाई नेत्ररुग्णालयांत गेले. मीहि बरोबर होतों. थेंब घातल्यावर त्याला तीन-चार तास जवळचें वाचतां येईना, उन्हांत डोळे दिपत, आणि तो वडिलांवर चिडला होता. डॉक्टरांनीं पडद्याचें छायाचित्र काढून हातीं दिलें. नारिंगी रंगाच्या गोलावर कडेकडेला दोन-तीन तांबडे ठिपके होते, टांचणीच्या टोंकाएवढे. लेसर आतां नको. साखर आणि रक्तदाब आवरा, सहा महिन्यांनीं पुन्हां या, असें त्यांनीं सांगितलें.

दिवाणजींनीं तो कागद घेतला, खिडकीशीं नेला, डावा डोळा मिटला, आणि उजव्यानें ते ठिपके एकेक बोट ठेवून मोजले.